एकोणपन्नास ग्रॅमांचें पुण्य

ज्या वस्तूच्या नांवामागें विशेषणांची लांबलचक रांग लागलेली असते, ती वस्तु पसंत करण्यापूर्वीं प्रत्येक विशेषणाला वेगळें पुढें बोलावून त्याची साक्ष घ्यावी, हा व्यवहारांतला जुना शिरस्ता आहे. हल्लीं संपन्न घरांच्या दारांशीं जी नवी मोटार उभी राहूं लागली आहे, तिचें नांव 'आलिशान कौटुंबिक प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही' असें भरगच्च आहे. 'आलिशान' या शब्दानें मालकाची प्रतिष्ठा सांगितली जाते. 'कौटुंबिक' या शब्दानें त्याच्या मुलाबाळांवरील मायेची ग्वाही दिली जाते. आणि 'प्लग-इन हायब्रिड' या जोडशब्दानें तो पृथ्वीच्याही कल्याणाची चिंता वाहतो असें जाहीर होतें. ऐश्वर्य, वात्सल्य आणि भूतदया या तिन्ही गोष्टी एकाच धनादेशांत मिळत असतील तर त्या कोणाला नको आहेत? परंतु यांतल्या तिसऱ्या गोष्टीची पावती आम्हीं तपासून पाहिली आहे, आणि ती खोटी आहे असें आमचें स्पष्ट मत झालें आहे. कोणीं बनावट शिक्का मारून ती तयार केली, असें आम्ही म्हणत नाहीं. ती सरकारी शिक्क्यानिशीं दिलेली आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयीं बोलणें अवश्य आहे.

साहित्य आणि ग्रंथपरीक्षण यांस वाहिलेल्या मासिकानें मोटारीच्या उठाठेवींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा वाद जितका मोटारीचा आहे तितकाच परीक्षणाचाही आहे. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करणाऱ्यानें पुठ्ठ्यावरील सोनेरी अक्षरें, कागदाचा गुळगुळीतपणा आणि प्रकाशकानें वेष्टनावर छापलेली स्तुति एवढ्यावर दोन स्तंभ भरले, तर आमचे वाचक त्यास परीक्षक म्हणणार नाहींत. मोटारींच्या परीक्षणांत कांहीं सन्माननीय अपवाद सोडले तर नेमकें हेंच चाललेलें असतें. आसनांचें कातडें किती मऊ आहे, छताची कांच किती लांब आहे, गाणें किती ध्वनिक्षेपकांतून ऐकूं येतें, शून्यापासून शंभरांचा वेग किती सेकंदांत गांठतां येतो, हें सगळें परीक्षक स्वतः अनुभवून लिहितो. शेवटीं तेलाच्या खपाचा रकाना आला म्हणजे कारखानदारानें दिलेला आंकडा जसाच्या तसा उतरून घेऊन मोकळा होतो. ज्या एका आंकड्यासाठीं ही जात जन्मास आली, तोच आंकडा न तपासतां सोडून देणें यास परीक्षण हें नांव शोभत नाहीं.

यंत्राची रचना प्रथम सांगितली पाहिजे, कारण तिच्यांतील चतुराई नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. तेलाचें एंजिन आणि विजेची मोटर यांना एकाच गाडींत नांदविण्याची कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्श यानें व्हिएन्नाच्या लोनर कंपनींत १९०० सालींच तशी गाडी रचली होती. १९९७ च्या डिसेंबरांत टोयोटानें जपानांत 'प्रियस' विकावयास काढली, आणि ती कल्पना बाजारांत रुजली. प्रियससारख्या साध्या संकर-मोटारीस बाहेरची वीज लागत नाहीं. ब्रेक लावतांना वाया जाणारी शक्ति विजेच्या रूपानें साठवून ती पुन्हां कामास लावते. प्लग-इन प्रकारांत बॅटरी मोठी असते आणि ती भिंतींतल्या विजेवर भरावी लागते. रोजचें जवळचें जाणेंयेणें विजेवर आणि सुटींतला लांबचा प्रवास तेलावर, अशी ही वांटणी आहे. कल्पना म्हणून ती सुंदर आहे.

या जातीचा नमुना म्हणून स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीची 'एक्ससी ९०' ही गाडी घेऊं. हा नमुना आम्हीं मुद्दाम चांगल्यांतला निवडला आहे. तिची 'टी ८' ही प्लग-इन आवृत्ति २०१५ सालीं बाजारांत आली. पुढच्या चाकांस दोन लिटरांचें पेट्रोल-एंजिन, मागच्या चाकांस विजेची मोटर. दोहोंची मिळून शक्ति सुमारें ४०० अश्वशक्ति. बसावयास सात जागा. लांबी जवळजवळ पांच मीटर. वजन सव्वादोन टनांहून अधिक. पहिल्या आवृत्तींतील बॅटरी ९.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे पूर्ण भरली असतां चाळीसएक किलोमीटर नेणारी होती. २०२२ च्या सुमारास ती १८.८ किलोवॉट-तासांची झाली आणि विजेवरचा पल्ला कागदोपत्रीं सत्तर किलोमीटरांच्या आसपास गेला.

आतां या अजस्र गाडीस युरोपांतील तपासणींत काय गुण मिळाले तें पहा. पहिल्या टी ८ च्या प्रमाणपत्रावर शंभर किलोमीटरांस २.१ लिटर पेट्रोल आणि किलोमीटरामागें ४९ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड असे आंकडे होते. म्हणजे एका लिटरांत सुमारें ४७ किलोमीटर! सव्वादोन टनांचा, सात माणसांचा, चारशें अश्वशक्तीचा हा वाडा पुष्कळ मोटारसायकलींच्या तोडीनें काटकसर करतो, असें या कागदाचें म्हणणें होतें. एवढें वाचून सामान्य मनुष्य यंत्रशास्त्राच्या प्रगतीस हात जोडील. आम्ही त्यास सुचवितों कीं, हात जोडण्यापूर्वीं गणित पहावें.

हा चमत्कार घडविणारें सूत्र अगदीं सोपें होतें. तपासणीच्या वेळीं गाडी एकदां बॅटरी पूर्ण भरून चालवीत आणि एकदां बॅटरी रिकामी झाल्यावर चालवीत. दोन्ही आंकड्यांची सांगड घालतांना असें गृहीत धरीत कीं, बॅटरी संपल्यानंतर मालक सरासरीनें अवघे २५ किलोमीटर तेलावर जाईल आणि लगेच पुन्हां वीज भरील. विजेचा पल्ला चाळीस किलोमीटर असला तर चाळीस अधिक पंचवीस, अशा पासष्ट भागांपैकीं चाळीस भाग विजेचे ठरत. शेंकडा साठांहून अधिक अंतर विजेवर झालें असें कागदानें मानावयाचें. शिवाय त्या चाळीस भागांपुरता कार्बन शून्य धरावयाचा, कारण विजेच्या कारखान्याचें धुराडें गाडीच्या मागच्या नळीला जोडलेलें नसतें. मालक वीज रोज भरतो, महिन्यांतून एकदां भरतो, कीं मुळींच भरीत नाहीं, हें त्यास कोणीं विचारलें नाहीं. २०१७ पासून 'डब्ल्यूएलटीपी' नांवाची नवी तपासणी लागू झाली आणि तिच्यांत रस्त्यावरील चालविण्याचें अनुकरण अधिक कसोशीनें केलें गेलें. पण विजेचा वांटा आधींच गृहीत धरण्याची मूळ रीत तशीच राहिली. इथेंच घोडें पेंड खातें. तेल किती जळेल हा या गाडीच्या बाबतींत केवळ यंत्राचा गुण नाहीं. तो मालकाच्या रोज रात्रींच्या संवयीचा गुण आहे. आणि माणसाच्या संवयीचें प्रमाणपत्र कारखान्यांतच, मालक कोण हें ठरण्यापूर्वींच, देऊन टाकलेलें आहे.

प्रत्यक्ष रस्त्यावर काय घडतें याचा पुरावा आतां भरपूर आहे. २०२० सालीं 'ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायरन्मेंट' या युरोपीय संस्थेनें बीएमडब्ल्यू एक्स ५, व्होल्व्हो एक्ससी ६० आणि मित्सुबिशी आउटलँडर या तीन प्लग-इन गाड्या रस्त्यावर तपासवून घेतल्या. बॅटरी पूर्ण भरून निघाल्या असतांही त्यांचा कार्बन जाहीर आंकड्यापेक्षां शेंकडा २८ ते ८९ इतका अधिक भरला. बॅटरी रिकामी असतां तो तिपटीपासून आठपटीपर्यंत गेला. ही संस्था शुद्ध विजेच्या गाड्यांची कैवारी आहे, तिचा पुरावा आम्हांस मान्य नाहीं, असें कोणी म्हणेल. ठीक आहे, मग सरकारचाच पुरावा घ्या. २०२१ पासून युरोपांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत, खरोखर किती तेल जळलें याची नोंद ठेवणारें साधन असणें सक्तीचें झालें. त्या वर्षीं नोंदल्या गेलेल्या सुमारें सहा लाख वाहनांचे हे हिशेब एकत्र करून युरोपीय कमिशननें मार्च २०२४ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-मोटारींचा खरा कार्बन कागदापेक्षां सुमारें शेंकडा २४ अधिक निघाला, डिझेल-मोटारींचा सुमारें शेंकडा १८ अधिक. आणि प्लग-इन संकर-मोटारींचा सरासरी साडेतीन पट! थोडी बढाई सर्वच मोटारी मारतात असें यावरून दिसतें. पण शेजारणीनें वय दोन वर्षांनीं कमी सांगणें आणि आजीबाईनें आपण शाळेंत जातों असें सांगणें यांत कांहीं तरी फरक आहे.

हा साडेतीन पटींचा फरक कोठून येतो, हेंही अभ्यासकांनीं शोधून काढलें आहे. आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषद आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांनीं २०२२ सालीं युरोपांतील गाड्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत खाजगी मालकांच्या प्लग-इन गाड्या जवळजवळ निम्मे अंतर विजेवर जातात असें आढळलें. मात्र कंपनीनें नोकरास वापरावयास दिलेल्या गाड्या शेंकडा ११ ते १५ एवढेंच अंतर विजेवर जातात. कारण उघड आहे. तेलाचे पैसे कंपनी देते आणि घरच्या विजेचें बिल नोकर स्वतः भरतो. मग रात्रीं पावसांत उभें राहून तार कोण जोडणार? आळस हा मनुष्यस्वभावच आहे, आणि तेलाच्या टांकीनें त्या आळसाची उत्तम सोय करून ठेवली आहे.

असल्या कागदी आंकड्यानें कोणाचें काय बिघडलें, असें वाटत असेल तर नेदरलंड्सची हकीकत पहावी. तेथें कंपनीची मोटार खाजगी कामास वापरणाऱ्या नोकराच्या उत्पन्नांत त्या मोटारीच्या किमतीचा कांहीं भाग मिळवून त्यावर कर घेतात. २०१५ सालीं अधिक कार्बन सोडणाऱ्या गाडीसाठीं हा भाग शेंकडा २५ होता. ५० ग्रॅमांच्या आंतील प्लग-इन गाडीसाठीं तो शेंकडा ७ होता. पन्नासांची मर्यादा आणि एकोणपन्नासांची गाडी! एका ग्रॅमाच्या या अंतरांत जें पुण्य सामावलेलें आहे, तें मोजण्यास चित्रगुप्ताचीच वही पाहिजे. सवलतीचा हा पैसा आला कोठून? ज्यांनीं लहान साधी गाडी घेतली, जे सायकलीवर किंवा आगगाडींतून कामास गेले, त्यांच्याही करांतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तें हेंच. २०१७ पर्यंत त्या सरकारनें सवलत टप्प्याटप्प्यानें काढून घेतली, आणि तिच्याबरोबर नव्या प्लग-इन गाड्यांची विक्रीही तेथें कोसळली. ग्राहकाचें प्रेम गाडीच्या कोणत्या गुणावर जडलें होतें, याचा याहून स्वच्छ निवाडा न्यायाधीशासही देतां आला नसता.

ब्रिटनमध्येंही तोच प्रकार झाला. कंपन्यांच्या मोटारींचा तेलहिशेब ठेवणाऱ्या तेथील एका पेढीनें २०१८ सालीं आपल्याकडील प्लग-इन गाड्यांचे आंकडे जाहीर केले. जाहिरातींप्रमाणें त्या सरासरीनें लिटरामागें सुमारें ४६ किलोमीटर जावयास हव्या होत्या; प्रत्यक्षांत सुमारें १४ किलोमीटर गेल्या. कित्येक गाड्या परत आल्या तेव्हां त्यांतील वीज भरण्याची तार वेष्टनांतून बाहेरही काढलेली नव्हती. त्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें या जातीच्या खरेदीस दिलें जाणारें अनुदान बंद केलें. यज्ञाचें साहित्य विकत घेतलें, दक्षिणा सरकारकडून वसूल केली, आणि अग्नि मात्र कधीं पेटविलाच नाहीं, असा हा यज्ञ होता.

यावर गाडीचे कैवारी दोन उत्तरें देतात. पहिलें असें कीं, हा दोष गाडीचा नाहीं, मालकाचा आहे. त्यानें तार जोडली तर गाडी आपलें काम चोख करते. हें उत्तर आम्हांस शब्दशः मान्य आहे, आणि तेंच आमच्या बाजूचें आहे. व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनियरानें १९५९ सालीं तीन ठिकाणीं बांधला जाणारा आसनपट्टा सिद्ध केला. कंपनीनें तो इतर कारखानदारांसही मोकळा केला, आणि त्यानें जगांत असंख्य जीव वांचविले. तो पट्टाही मनुष्यानें स्वतः बांधावा लागतो. पण पट्टा गाडींत बसविलेला आहे, एवढ्यावरून प्रवाशानें तो बांधलाच असें धरून कोणत्या सरकारनें अपघातांतील मृतांची संख्या साठ टक्क्यांनीं कमी लिहिली? सरकारांनीं पट्टा बांधण्याचा कायदा केला, न बांधणारास दंड ठेवला, आणि मृतांची मोजणी खरी केली. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, जो न्याय पट्ट्यास लावला तोच तारेस लावावा. साधन हातीं असणें आणि तें वापरणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. देव्हाऱ्यांत पोथी असली म्हणजे पारायण झालें असें आमच्या घरांतील आजीही मानीत नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं, शुद्ध विजेच्या गाडीकडे जाण्याच्या वाटेवरील हा पूल आहे. वाटेंत वीज संपेल या भीतीनें जो तेलाची गाडी सोडीत नाहीं, त्यास हा आधार आहे. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही लपविणार नाहीं. ज्या कुटुंबाचें स्वतःचें आवार आहे, भिंतींत वीज भरण्याची सोय आहे, रोजचा फेरा तीसचाळीस किलोमीटरांचा आहे, वर्षांतून दोनचारदां लांबचा प्रवास आहे, आणि गाडींत खरोखरच सहासात माणसें बसतात, त्या कुटुंबानें रोज न चुकतां तार जोडली तर ही गाडी आपल्याच आकाराच्या तेलगाडीपेक्षां निश्चित कमी तेल जाळील. अशा कुटुंबास आमचा दोष नाहीं. पण पुलाचें परीक्षण करतांना त्यावरून पलीकडे किती लोक गेले हें मोजावें लागतें. पुलावरच बिऱ्हाड थाटून वर्षानुवर्षें राहणाऱ्यांस पलीकडे पोंचल्याची सवलत देणें, हा पुलाच्या उपयोगाचा पुरावा होत नाहीं. शिवाय हा पूल मोठा जड आहे. वीज संपल्यावर तीच बॅटरी आणि तीच मोटर पाठीवर घेऊन पेट्रोल-एंजिनास पुढचा सगळा रस्ता तोडावा लागतो. उतारावर आणि ब्रेक लावतांना थोडी वीज परत मिळते हें खरें. पण लांबच्या सपाट रस्त्यावर तिची अवस्था 'खायला काळ आणि भुईला भार' अशीच असते.

येथवर सांगितलेलें सगळें युरोपांतलें झालें. आमच्या वाचकांचा त्याच्याशीं संबंध काय, तें आतां सांगतों. २०१६ सालीं ही टी ८ भारतांत विक्रीस आली ती 'एक्सलन्स' नांवाच्या आवृत्तींत, सुमारें सव्वा कोट रुपये किमतीस. ही आवृत्ति आदल्या वर्षीं चीनमध्यें शांघाय येथें प्रथम दाखविली होती. तिच्यांत सातांच्या जागीं चार आसनें होतीं. मागच्या दोन आसनांजवळ पेयें थंड ठेवणारी पेटी होती, आणि ऑरेफॉर्स या स्वीडिश कारखान्याचे हातानें घडविलेले स्फटिकाचे पेले होते. कुटुंबाची म्हणून जी गाडी जगभर वाखाणली, तिच्यांतून तीन माणसें खालीं उतरविलीं आणि त्यांच्या जागीं पेले बसविले! एकत्र कुटुंबपद्धतीच्या या देशांत 'कौटुंबिक' या विशेषणाची याहून चोख टीका आम्हांस लिहितां आली नसती.

पेल्यांचें राहूं द्या, विजेचें पाहूं. भारतांत निर्माण होणाऱ्या विजेपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अद्याप कोळशापासून होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानें एका युनिटामागें ७०० ग्रॅमांहून थोडा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेंत जातो. मोठ्या बॅटरीच्या नव्या टी ८ ची वापरतां येण्याजोगी वीज सुमारें १५ युनिटें आणि कागदी पल्ला सुमारें ७० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरास सुमारें ०.२१ युनिट. या हिशेबानें, तारांतील आणि बॅटरी भरतांनाची गळती न धरतांही, आपल्या विजेवर तिचा किलोमीटरामागें कार्बन १५० ग्रॅमांच्या आसपास पडतो. आतां एक लहान पेट्रोल-मोटार घ्या, लिटरामागें २० किलोमीटर जाणारी. एक लिटर पेट्रोल जाळल्यानें सुमारें २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणजे किलोमीटरास ११५ ग्रॅम. खाणीपासून कारखान्यापर्यंत आणि विहिरीपासून पंपापर्यंतचा खर्च दोन्हीकडे सोडला आहे. निष्कर्ष असा कीं, ही आलिशान गाडी ज्या वेळीं अत्यंत सात्त्विकपणें केवळ विजेवर चाललेली असते, त्या वेळींही ती शेजारच्या शिक्षकाच्या लहानशा पेट्रोल-गाडीपेक्षां अधिक कार्बन सोडते. फक्त तो दादरला न सुटतां चंद्रपुराजवळच्या धुराड्यांतून सुटतो. शहराची हवा तेवढी वांचते, हा लाभ खरा आहे आणि तो आम्ही मान्य करतों. ज्याच्या छपरावर सूर्यकिरणांची वीज तयार होते आणि तीच गाडींत जाते, त्याचा हिशेबही वेगळा. परंतु चंद्रपूरच्या माणसासही फुप्फुसें आहेत, हें 'हरित' या विशेषणाच्या भरांत विसरतां कामा नये.

आणखी, आमच्याकडे ती वीज भरली तरी कोठें जाणार? मुंबई-पुण्यांतील मध्यमवर्ग आणि पुष्कळसा श्रीमंत वर्गही सहकारी गृहसंस्थांत राहतो. गाडी उभी राहण्याची जागा खालच्या मजल्यावर, घराचा विजेचा मीटर दुसरीकडे, आणि मधल्या तारेस परवानगी देणारी समिति तिसरीकडे. ज्यास ही जुळणी साधली नाहीं, त्याच्या दृष्टीनें प्लग-इन गाडी म्हणजे बॅटरीचें ओझें वाहणारी पेट्रोल-गाडी. ज्यास साधली, तोही शनिवारीं दादरहून पुण्यास निघाला तर जुन्या टी ८ ची वीज पनवेलच्या आसपास संपावयाची, आणि खंडाळ्याचा चढ सव्वादोन टनांसकट मुख्यतः पेट्रोलवर चढावयाचा. हा अनुभव कोणत्याही परीक्षकास एका दिवसांत घेतां येईल. तेलाच्या पंपावर पावती मिळते आणि ती वाचण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं.

आमच्या सरकारनें आजवर या गाड्यांस वस्तु व सेवा करांत मोठी सूट दिली नाहीं, हें आम्ही आनंदानें नमूद करतों. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर, आणि त्यांत मोठ्या संकर-मोटारींवरही, शेंकडा ४० कर आहे. शुद्ध विजेच्या मोटारींवर तो शेंकडा ५ आहे. पण धोका याच फरकांत आहे. करापूर्वीं एक कोट रुपये किमतीच्या गाडीवर या दोन दरांत ३५ लाखांचें अंतर पडतें. आणि जेथें एवढी रक्कम उभी असते तेथें पृथ्वीच्या कल्याणाची कळकळ फार वेगानें वाढते. संकर-मोटारींस विजेच्या मोटारींच्या पंक्तीस बसवा, अशी मागणी कारखानदारांकडून वेळोवेळीं होत आली आहे. उत्तर प्रदेश सरकारनें जुलै २०२४ मध्यें या जातीच्या, प्लग-इनसह, गाड्यांचा नोंदणीकर माफही केला होता. उद्यां हाच प्रस्ताव मुंबईच्या किंवा दिल्लीच्या दरबारीं येईल, तेव्हां टेबलावर ठेवला जाणारा कागद तोच असेल: इतके ग्रॅम, इतकें लिटर, सरकारी शिक्का. ज्या घरांत मुलाच्या शाळेची फी आणि आजोबांचें औषध यांची तोंडमिळवणी करून दोनचाकीचें पेट्रोल भरतात, त्या घरानेंही प्रत्येक खरेदीवर कर भरलेला असतो. त्या करांतून सव्वा कोटीच्या गाडीस पुण्याचें बक्षीस द्यावयाचें असेल, तर निदान पुण्य घडलें कीं नाहीं हें पाहून द्या.

तें पाहणें आज अवघड राहिलेलें नाहीं. जळलेल्या तेलाची नोंद करणारें साधन गाडींतच असतें; युरोपनें ती नोंद गोळा करून दाखविली आहे, आणि २०२५ पासून नव्या नमुन्यांपुरतें जुनें उदार गृहीतही कडक करावयास घेतलें आहे. आपल्याकडे या जातीस एखादी सवलत द्यावयाचीच झाली, तर ती विक्रीच्या दिवशीं न देतां वर्षाच्या अखेरीस, त्या गाडीनें खरोखर जाळलेल्या तेलाची नोंद पाहून द्यावी. ज्यानें रोज तार जोडली त्यास ती मिळेल. ज्यानें तारेचें वेष्टन फोडलें नाहीं त्यास मिळणार नाहीं. यांत कारखानदारावर अन्याय नाहीं आणि प्रामाणिक मालकावर तर मुळींच नाहीं.

मोटारींचें परीक्षण लिहिणाऱ्या आमच्या बंधूंस आमची विनंती त्याहून सोपी आहे. अशी गाडी हातीं आली म्हणजे ती एकदां भरल्या बॅटरीनें आणि एकदां रिकाम्या बॅटरीनें, दोनशें-दोनशें किलोमीटर चालवावी, आणि दोन्ही वेळां किती पेट्रोल लागलें तें पहिल्या परिच्छेदांत छापावें. गाडीचें वजन छापावें. ती भरावयास घरीं काय सोय लागते तें छापावें. कारखानदाराचा आंकडा छापावयाचाच असेल तर तो कारखानदाराचा म्हणून छापावा. कातडें, कांच आणि स्फटिक यांस शेवटचा परिच्छेद पुरे आहे. आणि आमच्या वाचकांपैकीं ज्यांस अशी गाडी घेण्याची ऐपत व इच्छा असेल, त्यांनीं विक्रेत्यास कांहीं विचारण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: दमून घरीं आल्यावर, भर पावसाळ्यांत, रोज रात्रीं ती तार आपण जोडणार आहों काय? उत्तर होकारार्थी असेल तर गाडी अवश्य घ्यावी. नसेल तर साधी पेट्रोल-गाडी तिच्याहून हलकी, स्वस्त आणि अधिक सत्यवादी आहे.